फ्रान्समध्ये गाड्यांचा त्रास नसलेला सायकलरस्ता कोणता? (१०–१२ दिवस, सपाट, खेड्यापाड्यांतून)

वारणाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी,

पुढच्या मे-जूनमध्ये आम्ही चौघं (दोन जोडपी, सगळे पन्नाशीच्या पुढचे) फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलवर फिरायचं म्हणतोय. हाताशी दिवस १० ते १२. सराव म्हणाल तर रोज हरिपूर, रविवारी औदुंबर नाहीतर नरसोबाची वाडी. म्हणजे ५०–६० किमी, तेही सपाटीवर. घाटाची सवय नाही आणि करायचीही नाही.

अट एकच, गाड्या नकोत. उसाच्या हंगामात डबल ट्रॉलीला बाजू देऊन देऊन जीव मेटाकुटीला येतो. विमानाचं भाडं भरून पुन्हा तेच नको.

जो तो लुआर नदीकाठचा रस्ता सुचवतो. पण नकाशात बारकाईनं पाहिलं तर बराच भाग साध्या रस्त्यावरून जाताना दिसतो. मग 'गाड्यांशिवाय' म्हणजे नक्की काय धरायचं? सायकली इथून न्याव्यात की तिकडं भाड्यानं घ्याव्यात? आमच्या सायकली हायब्रिड आहेत, ७००×३५ टायर, डिस्क ब्रेक, मागं कॅरिअर. रेल्वेत सायकल चढवू देतात का? चौघांपैकी दोघं पक्के शाकाहारी, अंडंही नाही, त्यांचं तिकडं भागेल का?

कासची_वाट, सातारा

तुमची शंका रास्त आहे. तिकडं दोन शब्द चालतात आणि ते एकच समजले की घोटाळा होतो. 'व्हुआ व्हेर्त' म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट. तिथं फक्त सायकली, पायी चालणारे, स्केटवाले आणि काही ठिकाणी घोडे. 'व्हेलोरूत' म्हणजे खुणा लावलेला सायकलमार्ग, ज्यात व्हुआ व्हेर्तचे तुकडे असतात आणि मधले सांधे कमी वर्दळीच्या रस्त्यांनी जोडलेले असतात. लुआरकाठचा जो ९०० किमीचा मार्ग सगळे सांगतात तो व्हेलोरूत आहे. रस्ता सुंदर आहे, पण बऱ्याच ठिकाणी तो पूर अडवायच्या बांधावरून जातो आणि त्या बांधावर गाडीला मज्जाव नसतो. दिवसाला मोजक्या गाड्या जातील, पण जातील. तुमच्या अटीत तो बसत नाही.

बिनगाडीच्या वाटा मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिला प्रकार, बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची वाट. रूळ काढून त्याच भरावावर डांबर किंवा बारीक खडी दाबलेली असते. रेल्वेला चढ झेपत नाही, त्यामुळं १०० मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ क्वचित लागतो. यवतेश्वर घाट चढलेल्या माणसाला तो चढ वाटणारच नाही. दुसरा प्रकार कॅनॉलकाठची वाट. पूर्वी बोटी घोड्यांनी ओढत नेत, त्यासाठी पाण्याला लागून बांधलेली. ही जवळपास सपाटच असते, फक्त लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली करायची दारं) आलं की तेवढ्यापुरता छोटा चढ. कृष्णा कॅनॉलच्या भरावावरनं सायकल घातली असेल तर अंदाज येईल. फरक इतकाच की तिकडं ट्रॅक्टर समोर येत नाही.

तुम्हा चौघांसाठी मी डोळे झाकून बोर्दो ते तूलूझ सांगेन, आणि वेळ उरला तर पुढं कॅनॉल द्यु मिदीवरच्या नोरूझपर्यंत. कारणं देतो.

बोर्दोच्या बाहेर लात्रेन गावापासून सोव्हतेरपर्यंत जुन्या रेल्वेमार्गाची डांबरी वाट आहे. शहरातून धरलं तर ५५–६० किमी. तिला रोजे लापेबीचं नाव दिलंय. १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणारा तो हाच, आणि त्याच वर्षी त्या शर्यतीत गिअर बदलायच्या डिरेलरला पहिल्यांदा परवानगी मिळाली होती. वाटेत क्रेओं गावाच्या जुन्या स्टेशनात सायकलवाल्यांची सोय आहे. हा टप्पा थोडा लांब पडतो, हलका चढ-उतारही आहे, म्हणून क्रेओंला मुक्काम करून दोन दिवसांत केलात तरी बिघडत नाही.

सोव्हतेरपासून ला रेओल-फोंतेपर्यंतचे १५–२० किमी हाच तुमच्या मार्गातला गाड्यांचा भाग. द्राक्षमळ्यांतून जाणारे छोटे रस्ते, वळणं आणि चढ-उतार. हा तुकडा सकाळी लवकर उरकायचा.

फोंतेला कॅनॉल द गारोन लागला की तूलूझपर्यंत सुमारे १७५ किमी मोटारबंदी, आणि जवळजवळ सगळं डांबरी. हा कॅनॉल १८५६ मध्ये पुरा झाला आणि त्याच सुमारास शेजारून रेल्वे सुरू झाली. धंदा रेल्वेनं नेला. त्याच रेल्वेचा तुम्हाला आज फायदा: मार्मांद, आजां, व्हालांस, म्वासाक, मोंतोबां ही स्टेशनं वाटेच्या जवळपास आहेत. कुणाचा गुडघा दुखला, पाऊस लागला, तर एक टप्पा गाडीनं पुढं जाता येतं. अशी सोय लुआरला पुष्कळ आहे, डोंगरातल्या वाटांना नाही.

टप्पे साधारण असे पाडा: सोव्हतेर ते ल मास दाजने ४०, तिथून आजां ४५–५०, आजां ते म्वासाक ४५, म्वासाक ते मोंतेश २०, मोंतेश ते तूलूझ ४०–४५. आजांला कॅनॉल स्वतःच गारोन नदी ओलांडतो. दगडी पूल, २३ कमानी, ५३९ मीटर लांब. खाली नदी, वर बोट, बोटीच्या बाजूनं तुम्ही. पुलावर वाट अरुंद आहे, समोरून कुणी आलं तर उतरून सायकल हातात धरा. मोंतेशला १९७४ मध्ये बांधलेला पाण्याचा उतार बघा: दोन इंजिनं मिळून पाण्याची पाचर बोटीसकट वर ढकलत न्यायची, म्हणजे पाच लॉक वाचत. २००९ मध्ये ते बंद पडलं, आता बघण्यासाठी ठेवलंय. त्या दिवशी २० किमीच ठेवलेत ते यासाठीच.

दिशा बोर्दोकडून तूलूझकडेच ठेवा. वारा बहुतेक वेळा अटलांटिककडून, म्हणजे पाठीवर. तूलूझजवळ मात्र ओतां नावाचा आग्नेयेचा कोरडा वारा सुटतो, तो तोंडावर येतो. तो लागला की दोन-तीन दिवस राहतो, म्हणून शेवटचा टप्पा कमी किलोमीटरचा असलेला बरा.

मिरज_जंक्शन

रेल्वेचं सांगतो. तिकडं तीन प्रकारच्या गाड्या धरा.

टीईआर म्हणजे आपली पॅसेंजर. सायकल आहे तशी चढवायची, बहुतेक ठिकाणी फुकट. उन्हाळ्यात काही विभागांत सायकलचं आरक्षण लागतं, तेव्हा तिकीट काढतानाच बघा. डब्यात हूक असतात, त्याला पुढचं चाक टांगायचं. पिशव्या लावलेली सायकल हुकाला चढत नाही. गाडी यायच्या आधी पिशव्या फलाटावरच काढून ठेवा, नाहीतर दारात सगळा खोळंबा. चौघांनी एका दाराशी गर्दी करू नका, दोन-दोन वाटून घ्या. बोर्दो–तूलूझ मार्गावर विभाग बदलतो, त्यामुळं बहुतेक वेळा आजांला गाडी बदलावी लागते. फलाट जिन्यानं बदलावा लागला तर आठ-दहा मिनिटं पुरत नाहीत, पुढची गाडी धरा.

आंतेरसिते म्हणजे लांब पल्ल्याची. तिला सायकलचं आरक्षण सक्तीचं, १० युरो.

टीजीव्हीत दोन पर्याय. काही गाड्यांत जोडलेल्या सायकलीसाठी मोजक्या जागा असतात, त्यांचेही पैसे पडतात, आणि लवकर संपतात. चार जागा एकाच गाडीत मिळणं अवघडच समजा. दुसरा पर्याय, चाकं काढून पिशवीत घातलेली सायकल, पिशवी जास्तीत जास्त १३०×९० सेंमी. ती सामानात धरतात. विमानाचा पुठ्ठ्याचा खोका मात्र या मापात बसत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि फलाटावर वाद होतो.

पॅरिसला विमान उतरत असेल तर शहरात शिरूच नका. शार्ल द गोल विमानतळाच्या पोटातच टीजीव्हीचं स्टेशन आहे आणि तिथून बोर्दोला थेट गाड्या आहेत. तसं जमलं नाही तर बोर्दोची गाडी मोंपार्नासवरून, आणि तिथपर्यंत चार खोके घेऊन लोकलनं जाणं म्हणजे दादरला संध्याकाळी सहाला कपाट चढवण्यासारखं.

माझं मत विचाराल तर १०–१२ दिवसांसाठी सायकल भाड्यानं घ्या. बोर्दो–तूलूझ मार्गावर एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय मिळते, पिशव्या आणि कुलूप बहुधा त्यातच. फक्त आपली सीट आणि पेडल घेऊन जा. बुडाला सवय असते ती सीटची, सायकलची नव्हे.

गिअर_मिस्त्री, कराड

भाड्याच्या सायकलबद्दल सहमत, पण उंची पाच फुटाच्या आसपास असेल तर आधी फ्रेमचं माप मेलवर पक्कं करून घ्या. तिकडच्या भाड्याच्या सायकली मोठ्या मापाच्या असतात आणि लहान माप मोजकंच असतं. आपलीच न्यायची असेल तर पुढचं वाचा.

टायर. डांबरी कॅनॉलला ३५ पुरतं. पण फ्रान्सच्या निम्म्या वाटा डांबरी नसतात, तिथं 'स्ताबिलिझे' असतं. म्हणजे चुनखडीची बारीक कच पाणी मारून रोलरनं दाबलेली, आपल्या मुरमाच्या रस्त्याची गोरी बहीण. कोरडी असताना मस्त पळते. पाऊस झाला की वरचा थर लापशीसारखा होतो, चाकाला धरतो आणि चेन, ब्रेक सगळीकडं जातो. त्यामुळं फ्रेममध्ये जागा असेल तर ४० चं टायर घाला आणि मडगार्ड नक्की लावा. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर अंतर हवं, कमी असेल तर तोच चिखल तिथं अडकून चाक घासतं.

हवा: ४० च्या टायरला, मागं १५ किलो सामान असेल तर मागं ४५–५० पीएसआय, पुढं ४०. आपल्याकडं ट्यूब टणक होईपर्यंत हवा भरायची सवय असते. तिकडं ती सवय नडते, कारण चिनाराच्या जातीची जी झाडं कॅनॉलकाठी आहेत त्यांची मुळं डांबर उचलतात. सावलीत कवडसे पडलेले असताना तो उंचवटा दिसत नाही. कडक टायरनं धक्का थेट कॅरिअरच्या बोल्टला बसतो. कॅरिअर आणि मडगार्डचे ५ मिमीचे बोल्ट घरीच काढून त्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावा. रोज संध्याकाळी बोटानं हलवून बघा. एक बोल्ट पडला की सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि तो तुटतो तो फ्रेमच्या आतच तुटतो. मग बोर्दोलाही मिस्त्री सापडला तरी ड्रिल मारल्याशिवाय निघत नाही. दोन जादा बोल्ट पिशवीत टाका, वजन किती, पाच ग्रॅम.

ब्रेक पॅड. कोरड्यात दोन हजार किलोमीटर जाणारे रेझिनचे पॅड त्या पांढऱ्या लापशीत दोन-तीन दिवसांत निम्मे होऊ शकतात, कारण ती लापशी पॉलिश पेपरसारखं काम करते. आपापल्या कॅलिपरचे (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) दोन-दोन जोड घेऊन जा. पॅडचे आकार दहा प्रकारचे असतात आणि खेड्यात मिळत नाहीत. पावसाच्या दिवसानंतर मुक्कामी पोचलात की आधी बाटलीभर पाणी ओतून कॅलिपर आणि चेन धुवा, पुसा, मगच तेल. न धुता तेल घातलं की कच आत बसते आणि सकाळी चेन करकर वाजते. तेल थेंबथेंब, कडीच्या आतल्या बाजूनं, आणि वरचं फडक्यानं पुसून काढायचं.

पंक्चर. तिकडं बाभळीचा काटा नाही, पण कुंपणाच्या काटेरी झुडपांची छाटणी असते. शेतकरी ती उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदात करतात, त्यामुळं मे-जूनमध्ये त्रास कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरला जाणाऱ्यांनी मात्र टायरच्या आत पट्टी घालावी. प्रत्येकी दोन ट्यूब घ्या. तुमच्या सायकलीला बारीक प्रेस्टा व्हॉल्व आहे की मोटारसायकलसारखा जाड श्राडर, ते बघून पंप त्याच तोंडाचा घ्या. छोट्या गॅसच्या नळकांड्यांनी हवा भरायची सवय असेल तर विमान कंपनीची लेखी परवानगी लागते. त्यापेक्षा हातपंप बरा.

प्रत्येकी एक डिरेलर हँगर, म्हणजे मागचं डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा. हा भाग फ्रेमच्या मॉडेलप्रमाणं बदलतो, तिकडं तुमच्या मॉडेलचा मिळणारच नाही. खोक्यात आपटून वाकतो तो नेमका हाच. मागच्या चाकाचे तीन-चार स्पोक, अचूक लांबीचे, सीटच्या नळीत टेप लावून. गिअरच्या बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणून दोरीचा तात्पुरता स्पोक मिळतो तोही ठेवा.

आणि एक. व्हुआ व्हेर्त रस्त्याला छेदते तिथं मोटारी शिरू नयेत म्हणून लोखंडी फाटकं असतात, नागमोडी. रुंद पिशव्या लावलेली सायकल सरळ जात नाही. उतरा, पुढचं चाक उचलून तिरकं घाला. ट्रेलर जोडणार असाल तर दर फाटकाला हाच तमाशा.

वारणाकाठ, सांगली

एवढं सविस्तर उत्तर! आभार. म्हणजे लुआर कटाप, गारोन पक्का. अजून एक शंका: तूलूझनंतर कॅनॉल द्यु मिदी सुरू होतो ना? तो समुद्रापर्यंत जातो म्हणतात. दोन दिवस जास्त काढले तर सेतपर्यंत मारता येईल का? आणि बुर्गोन्य भागातली वाटही बरेच जण सांगतात.

कासची_वाट, सातारा

दोन दिवसांत नाही, आणि तुमच्या टायरवर तर नाहीच.

कॅनॉल द्यु मिदी तूलूझ ते सेतजवळच्या खाडीपर्यंत २४० किमी. रिके नावाच्या माणसानं १६६६ ते १६८१ दरम्यान खोदून घेतलेला, १९९६ पासून जागतिक वारसा. तूलूझहून पहिले ५० किमी, पोर्त-लोरागेपर्यंत, डांबरी आणि निवांत. तिथून थोडं पुढं नोरूझचा माथा, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. तिथलं पाणी एकीकडं अटलांटिकला जातं, दुसरीकडं भूमध्य समुद्राला. रिकेची खरी करामत ती: डोंगरातलं पाणी वळवून या उंचवट्यावर आणलं नसतं तर दोन्ही उतार कोरडे राहिले असते. ज्या जिल्ह्यात टेंभू आणि ताकारीचं पाणी पंपानं चढवतात तिथल्या माणसानं ही जागा चुकवू नये. तिथं पंप नाही, सगळं उतारानं.

नोरूझपुढं वाट कच्ची होत जाते. कुठं दाबलेली खडी, कुठं नुसती पाऊलवाट आणि झाडांची मुळं. काठच्या चिनारासारख्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ पासून हजारो झाडं तोडली, त्यामुळं फोटोतली सावली सगळीकडं नाही. मुळं मात्र आहेत. कार्कासोन ते बेझिए भागात दिवसाला ३० किमी झाले तरी डोक्यावरून पाणी. ४५ चं टायर आणि रिकामा वेळ असेल तर जा. तुम्ही नोरूझ बघून कास्तेलनोदारीपर्यंत या आणि तिथून टीईआरनं तूलूझला परत.

बुर्गोन्यची वाट छान आहे. झिव्री ते क्लुनी हा तुकडा १९९७ मध्ये झाला, फ्रान्समधली पहिली व्हुआ व्हेर्त ती. शालाँ ते माकों धरलं तर ७० किमीच्या आसपास, डांबरी, जुन्या रेल्वेमार्गावर. पण ती दोन दिवसांत संपते, आणि पुढं जोडायला कॅनॉलकाठच्या वाटा धराव्या लागतात ज्यांचा पृष्ठभाग जागोजाग बदलतो. बारा दिवस एका दमात, एकाच पाण्याच्या काठानं जायचं तर गारोनच. कधी चार दिवसांचीच सवड मिळाली तर बुर्गोन्य.

जुना_फलटण_रोड

बुर्गोन्यला जाणाऱ्यांसाठी पुरवणी: क्लुनी आणि माकोंच्या मधे ब्वा क्लेरचा बोगदा आहे, १.६ किमी. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात आणि वरून खिंडीतला रस्ता धरावा लागतो. आत बारा अंश वगैरे असतं, जून असला तरी जाकीट वरच्या खिशात ठेवा.

कायद्याच्या दोन-चार गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. पुढं पांढरा किंवा पिवळा दिवा, मागं लाल, घंटा, रिफ्लेक्टर. कानात इअरफोन घालायला बंदी, एका कानातही. हेल्मेट १२ वर्षांखालच्या मुलांनाच सक्तीचं, पण तुम्ही घालाच.

वाट रस्त्याला छेदते तिथं बहुतेक वेळा थांबायचं आपण, गाडीनं नाही. आणि तिकडं वाहतूक उजवीकडून, म्हणजे रस्त्यात पाऊल टाकताना पहिली गाडी डावीकडून येते. आपली मान सवयीनं उजवीकडं वळते. पहिल्या दोन दिवसांत चौघांपैकी एकानं मोठ्यानं 'डावीकडं बघा' म्हणायचं असं ठरवून टाका. चौकातल्या गोलाला उलटी फेरी, तीही लक्षात ठेवा.

व्हिसा शेंगेन, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. विम्याच्या कागदात 'साहसी खेळ वगळून' या ओळीत सायकल प्रवास येतो का, ते एजंटला तोंडी नाही, मेलवर विचारा. रोज नवं गाव असल्यामुळं मुक्कामांची यादी लांब होते. रद्द करता येतील अशा खोल्या आधी धरा. 'आक्य्य व्हेलो' असा शिक्का असलेली ठिकाणं शोधा. ती सायकलमार्गापासून ५ किमीच्या आत असतात, सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची अवजारं देतात.

बेदाणा_तासगाव

शाकाहाराचं माझ्याकडं.

खेड्यात दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरीचशी बंद. १ मे ला सगळंच बंद, आणि मे मध्ये सुट्ट्या पुष्कळ. म्हणून दुसऱ्या दिवशीचं जेवण नेहमी आदल्या संध्याकाळी पिशवीत असावं. हॉटेलात दुपारचं जेवण साडेबारा ते दीडच्या आत. दोनला पोचलात तर स्वयंपाकी घरी गेलेला असतो आणि गयावया करून उपयोग नसतो.

बूलांजरीत, म्हणजे बेकरीत, पाव मिळेलच. फसवणारी गोष्ट म्हणजे किश: दिसायला भाजीचा, पण त्यात अंडं असतंच आणि बहुतेक वेळा 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. सॅलडवरही तेच भुरभुरतात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासे आणून देतात. 'सां व्हियांद, सां प्वासों, सां झ' (मांस, मासे, अंडी यांशिवाय) हे कागदावर फ्रेंचमध्ये लिहून दाखवा. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण, फ्रेंचमध्ये 'प्रेज्युर') असू शकतं. ज्यांना चालत नाही त्यांनी पाकिटावर 'प्रेज्युर'च्या पुढं काय लिहिलंय ते बघावं.

सुपरमार्केटात डबाबंद मसूर आणि छोले मिळतात. कुसकुस घ्या. जेवढं कुसकुस तेवढंच उकळतं पाणी, वर झाकण, पाच मिनिटं. सांज्यासारखं फुलतं. त्यावर मसूर, आणि घरनं नेलेलं मेतकूट. शेगडीचा गॅस विमानात नेता येत नाही, तिकडं घ्यावा लागतो. साध्या दुकानात तिकडच्या कंपनीचा चाप बसणारा डबा असतो, आपली शेगडी बहुधा पेचाची. दोन्हींत फरक असतो आणि कळतो तो उपाशीपोटी. पेचाचा डबा बोर्दोतल्या मोठ्या खेळसाहित्याच्या दुकानातूनच घेऊन निघा.

इथून नेताना: मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे विसरा. बेदाणे, शेंगदाण्याची चिक्की, भाजणी चालते. भडंग न्यायचा मोह होईल, पण पिशवीत जागा फार खातो आणि दुसऱ्या दिवशी चुरा होतो. आजांला सुके आलुबुखार घ्या, 'प्रुनो', त्या गावाची ओळखच ती. मऊ असतात, चालत्या सायकलवर खाता येतात, पण एका वेळी चार-पाचच, नाहीतर पोट बोलतं. म्वासाकची शासला द्राक्षं नावाजलेली आहेत, पण ती ऑगस्टअखेरीपासून. जूनमध्ये फक्त वेली दिसतील. आपल्याकडच्या मांडवाच्या मानानं ठेंगण्या वाटतील, तरी तारा कशा ओढल्यात ते बघण्यासारखं आहे.

पाणी: वाटेत नळ नसेल तर गावचं कब्रस्तान शोधा, दाराशी नळ असतोच म्हणा. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पिऊ नये.

वारणाकाठ, सांगली

तिघं भाड्यानं घेतोय. एकाची उंची कमी आहे, तिची सायकल इथूनच न्यावी लागेल असं दिसतंय. खोक्यात कशी भरायची? आणि सराव काय करावा?

गिअर_मिस्त्री, कराड

पुठ्ठ्याचा खोका सायकलच्या दुकानात फुकट मिळतो, आधी सांगून ठेवा. सीटच्या दांड्यावर सध्याच्या उंचीला टेपची खूण करा, मग काढा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं: उजवं डावीकडं फिरवून सुटतं, डावं उजवीकडं फिरवून. उलट जोर लावला तर अजून घट्ट बसतं, आणि बहुतेक लोक तेच करतात. आधी थोडं ग्रीस लावून पुन्हा बसवून ठेवा म्हणजे बोर्दोत सहज निघेल. मागचं डिरेलर हँगरपासून सोडवून चेनसकट फडक्यात गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणात आत बांधा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला, दुकानात नव्या सायकलबरोबर येतो तोच. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्येही तसाच तुकडा. तो न घालता वाटेत कुणी ब्रेकची मूठ दाबली तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक बसतच नाही. हवा निम्मी कमी करा. वजन २३ किलोच्या आत ठेवा, अवजारं खोक्यातच, हातातल्या बॅगेत नाही. खोका तूलूझला लागणार, पण तुम्ही उतरणार बोर्दोत. तेव्हा तूलूझच्या मुक्कामाच्या हॉटेलला आधीच मेल करून तिथल्या सायकल दुकानातून एक खोका मागवून ठेवता येतो का ते विचारा.

सरावाला मार्च-एप्रिलमध्ये कृष्णा कॅनॉलच्या काठचा मुरमाचा रस्ता घ्या. पिशव्यांत तूरडाळीची एक-एक किलोची पाकिटं भरा, मागं दोन्ही बाजूंना सहा-सहा. एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला पाच टाकून एकदा चालवून बघा, हँडल कसं ओढतं ते कळेल. सलग तीन दिवस ४० किमी झाले आणि चौथ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना कुणी तोंड वाकडं केलं नाही तर सराव पुरे. तोंड वाकडं झालं तर सीटचं टोक अर्धा सेंमी खाली करून बघा, आणि तरी नाही जमलं तर सीट आत्ताच बदला, मे उजाडायची वाट बघू नका.